आधीच मागितलेली माफी

आमचं नाटक रद्द झालं तेव्हा त्याच्यावर कोणीही आक्षेप घेतलेला नव्हता. धमकी आली नव्हती, मोर्चा आला नव्हता, साधं निनावी पोस्टकार्डसुद्धा आलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरीच वर्षं कारखान्यात हा किस्सा निघाला की कोणीतरी हमखास म्हणायचं, "लोक खवळले होते हो, दुसरा इलाजच नव्हता." कोणी खवळलं नव्हतं. जे खवळले ते नंतर, आणि त्यांच्या दारात जाऊन त्यांना ते आम्हीच समजावून सांगितलं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मी पर्सनल खात्यात टायपिस्ट होते. वय चोवीस. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि एकही स्थळ पुढे सरकत नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी लवकर घरी जाणं मला नको वाटायचं. दर हिवाळ्यात शहरातल्या कारखान्यांची एकांकिका स्पर्धा व्हायची. आमचा कारखाना तिच्यात नेमाने हरायचा. त्या वर्षी नाटकात बाईचं मोठं काम होतं. मला विचारलं, मी हो म्हणाले.

दिग्दर्शक होते परचेस खात्यातले हेडक्लार्क. पन्नाशीचे. तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर दोन दौरे केले होते आणि ते दौरे अजून संपलेले नव्हते. चहा घेताना, रजेचा अर्ज देताना, कधीही त्यातला एखादा प्रयोग निघायचा. नाटक लिहिलं होतं टूलरूममधल्या एका फिटरनं. तिशीचा, कमी बोलणारा, बोटांच्या भेगांत काळं तेल कायमचं मुरलेलं. गंगापूर रस्त्याच्या पलीकडे त्याचं गाव. घरी फुलशेती. सकाळी लुनावर फुलांची गाठोडी बांधून तो बाजारात टाकायचा आणि तिथूनच फर्स्ट शिफ्टला यायचा. त्याच्या अंगाला झेंडूचा आणि मशीनच्या कूलंटचा एकत्र वास यायचा. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई.

नाटक साधं होतं. एक विधवा माळीण. गावच्या देवीचा हार रोज तीच करते. रोज देवळाच्या पायरीशी उभी राहते, पुजारी येतो, हारावर पाणी शिंपडतो आणि आत घेऊन जातो. ती पायरीवरूनच हात जोडते आणि परत जाते. एक दिवस पुजारी येत नाही. ती हार घेऊन घरी येते. बसते. मग तो हार स्वतःच्या गळ्यात घालते आणि पितळी ताटात स्वतःला बघते. मिनिटभर, काही न बोलता. मग हार काढते, ओच्यात ठेवते आणि देवीसाठी नवीन ओवायला घेते. एवढंच. पडदा.

ती माळीण म्हणजे त्याची आई, हे त्यानं कधी लपवलं नाही. मला हार ओवता यावा म्हणून चार-पाच रविवार मी त्यांच्याकडे गेले. घर मळ्यातच होतं. मावशी ओट्यावर फुलांचा ढीग घेऊन बसायच्या, मी समोर. पहिल्या दिवशी माझ्या हातातलं गुलछडीचं फूल काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मानंला सुई लावू नको, देठाला लाव. मान मोडली की दुपारपत्तोर टिकत नाय."

लग्न होऊन आल्यापासून देवीचा हार त्यांच्याकडेच होता. चौतीस वर्षं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही हार गेला होता, फक्त तो शेजारणीच्या हातून.

"नाटकात मी हाय म्हनं," त्या एकदा पदर तोंडाशी धरून हसत म्हणाल्या.

"आहात ना मावशी. मीच तुम्ही आहे."

"मंग मला बरं दाखव. लय रडकं करू नको."

ताटात बघायचा तो प्रसंग मी त्यांना सांगितला नाही. त्यानंही सांगितला नसावा. तो मला एकदा म्हणाला होता, "तिनं असं कधी केलेलं नाही ताई. पण करावं, असं मला लहानपणापासून वाटायचं."

आता माझी गोष्ट. पर्सनलच्या साहेबांनी मला डिक्टेशनला बोलावलं होतं. स्पर्धेला तीन आठवडे उरले असतील. पत्र संपल्यावर ते सहज म्हणाले, "काय, नाटक कसं चाललंय?"

साहेब माझ्याशी कामापलीकडे प्रथमच काही बोलत होते. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. मी हसत म्हणाले, "छान चाललंय साहेब. फक्त देवीचा हार मी गळ्यात घालते ना, तो सीन आमच्या घरी कळला तर मला घराबाहेर काढतील."

हे खरं नव्हतं. घरी कोणाला त्या सीनचं काही पडलेलं नव्हतं. माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं फक्त साडी कोणती नेसणार एवढं विचारलं असतं. मी काहीतरी धाडसाचं करते आहे, असं साहेबांना दिसावं म्हणून मी ते बोलले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "कसला सीन?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये दिग्दर्शक, फिटर आणि मी असे तिघं उभे होतो. संहिता टेबलावर होती. साहेबांनी ती वाचलेली होती आणि शेवटच्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं एक उभी रेघ मारलेली होती.

"कोणी काही बोललंय का साहेब?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"अजून नाही."

"ती देवीला हात पण लावत नाही," फिटर म्हणाला. "तिनं स्वतः केलेला हार आहे. तो ती घालून बघते."

"तुम्हाला काय वाटतं हा प्रश्न नाही. कोणाला काय वाटेल हा प्रश्न आहे."

"कोणाला?"

"कोणालाही," साहेब म्हणाले.

त्या दिवसांत हे बोलायला काही फार कारण लागायचं नाही. वातावरणच तसं होतं. देवाचं नाव घेतलं की माणसं आधी आजूबाजूला बघायची. पण आमच्या केबिनमध्ये आजूबाजूला आम्हीच होतो.

दिग्दर्शक सुरुवातीला नाटकाच्या बाजूनं बोलले. खरंच बोलले. "साहेब, या नाटकात दम आहे. पहिल्यांदा आपण जिंकू असं नाटक आहे." साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "तुमच्या मुलाचा अप्रेंटिसचा अर्ज माझ्याकडेच आहे ना?" आवाजात काही नव्हतं, जणू आठवलं म्हणून विचारलं. दिग्दर्शकांची नजर तांबड्या रेघेवर गेली. मग फिटरकडे वळून म्हणाले, "मी तुला आधीच म्हणालो होतो, तो शेवट जड जातोय."

त्यांनी तोडगाही काढला. बाईनं हार नुसता हातात धरावा. गळ्यात घालू नये. फिटरनं त्यावर खरोखर विचार केला, मला दिसत होतं. मग तो म्हणाला, "हातात तर ती रोजच धरते. मग नाटक कशाचं?"

साहेबांना हा उद्धटपणा वाटला. नाटक रद्द, असं त्यांनी सांगितलं. आणि वर म्हणाले, कँटीनमध्ये महिनाभर तालमी झाल्यात, शे-दोनशे लोकांनी बघितलंय, बाहेर गेलंच असणार. तेव्हा ज्यांना वाईट वाटण्यासारखं आहे त्यांना आपणच आधी जाऊन भेटलेलं बरं. कंपनीचा संबंध नाही, हे स्पष्ट करून यायचं. लेखकानं स्वतः माफी मागायची.

माफीपत्र मी टाइप केलं. दिग्दर्शक माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते. "देवीच्या हाराचा प्रसंग" असं मी टाइप केलं होतं. त्यांनी वाकून बघितलं. "प्रसंग नको. विटंबना लिहा."

"पण विटंबना कुठे आहे त्यात?"

"अहो बाई, माफी मागायची तर गुन्हा तेवढा दिसायला नको का? नाहीतर लोकांना वाटेल आपण टाळाटाळ करतोय."

मी पुसायच्या रबरानं 'हाराचा प्रसंग' घासून काढला. कागद तिथे थोडा पातळ झाला. त्यावर 'हाराची विटंबना' टाइप केलं. फिटरनं सही केली तेव्हा पत्र त्यानं वाचलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं सही फार सावकाश केली, एवढं आठवतं.

कंपनीच्या मॅटॅडोर व्हॅनमधून आम्ही निघालो. बाई बरोबर असली की बरं दिसतं, म्हणून मलाही घेतलं. पहिला थांबा होता एका संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्याचं घर. दुपारची वेळ. तो बनियनवर बसून मुलाचं गणित घेत होता. आम्हाला पाहून त्यानं शर्ट चढवला, बायकोला चहा सांगितला. दिग्दर्शकांनी हात जोडून सुरुवात केली.

"झालं का नाटक?" त्यानं विचारलं.

"नाही. रद्द केलं."

"मग माफी कशाची?"

त्या घटकेला आम्ही उठून निघू शकलो असतो. त्याला काही नको होतं. त्याचं अर्धं लक्ष वहीत होतं. पण दिग्दर्शकांनी पत्र पुढे केलं, आणि पत्र वाचताना एका शब्दापाशी त्याचा चेहरा बदलला. शब्द मीच टाइप केलेला होता, तो कोणत्या ओळीवर आहे हे मला माहीत होतं.

"कोणी केली विटंबना?"

दिग्दर्शकांनी फिटरकडे बोट केलं.

पुढाऱ्यानं त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं. मग म्हणाला, "माळ्याचा ना तू? तुमच्या घरचा हार देवीला जातो आणि तू हे लिहितोस?"

"मी वाईट काही—"

"हात जोड. मला नको. तिकडं."

भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं, कुठल्यातरी किराणा दुकानाचं. त्यानं हात जोडले.

"वाक."

तो वाकला.

"अजून."

तो अजून वाकला. कॅलेंडर जरा खाली लावलेलं होतं, त्यामुळे त्याचं डोकं जवळजवळ खालच्या शिलाई मशीनला लागलं. गणित सोडवणारा मुलगा फिस्सकन हसला. पुढाऱ्यानं त्याला दटावलं नाही. मग चहा आला. आम्ही सगळ्यांनी घेतला. फिटरनंही घेतला. पुढारी निरोप देताना दिग्दर्शकांना म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. आता आम्ही लक्ष ठेवू."

मॅटॅडोरमध्ये दिग्दर्शक खुशीत होते. फिटर ड्रायव्हरशेजारी बसला होता, आम्ही मागे. दिग्दर्शक मला म्हणाले, "बाई, तुम्ही साहेबांच्या कानावर वेळेत घातलंत म्हणून एवढ्यावर भागलं. नाहीतर थिएटर पेटलं असतं."

फिटर मागे वळला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, आणि मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले. पण तो पुन्हा समोर बघायला लागला. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज त्यानंतर बऱ्याच वेळानं आली.

मग दिग्दर्शकांनी ड्रायव्हरला त्याच्या गावाचा रस्ता सांगितला. तेव्हा तो पहिल्यांदा विनवणीच्या सुरात बोलला. "गावात नको. साहेबांनी गावाचं सांगितलं नव्हतं. तिथं आई आहे."

"म्हणूनच," दिग्दर्शक म्हणाले. "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं."

देवळाच्या पायऱ्यांवर ट्रस्टचे म्हातारे अध्यक्ष बसले होते. फिटरला त्यांनी नावानं हाक मारली, पिकाचं विचारलं. पत्र हातात घेतलं, पण चष्मा घरी राहिलेला, म्हणून बाजूच्या एका पोरगेल्या ट्रस्टीला मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं शाळेत धडा वाचतात तसं वाचलं. वाचून होईपर्यंत आठ-दहा माणसं जमली.

"हार कुनी घातला?" एकानं विचारलं. "याच्या आईनं?"

"नाटकात, नाटकात," दिग्दर्शक घाईनं म्हणाले.

"नाटकात दाखवलं म्हंजी घरात घडलं आसंल. नायतर सुचंल कसं?"

"आईनं कधी घातला नाही," फिटर म्हणाला. "मी मनानं लिहिलं ते."

"घे शपथ."

त्यानं देवळाकडे तोंड करून शपथ घेतली. शपथ घेताना त्याचा आवाज फाटला, आणि तेवढ्यावरूनच लोकांनी काय ते ठरवलं. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही यायची ना रविवारची, हार शिकाया? हिला इचारा की."

म्हातारे अध्यक्ष माझ्याकडे वळले. चांगला माणूस होता, मला अजून वाटतं. त्याला 'नाही' एवढंच ऐकायचं होतं. "पोरी, तू त्येंच्या घरी बसायचीस. तिला देवीचा हार घालताना बघितलं का कधी?"

मी म्हणाले, "माझ्यासमोर तरी नाही."

का म्हणाले मी तसं? बरीच वर्षं मी याचं उत्तर शोधलं. भीती वाटत होती, हे खरं. माणसं जवळ आली होती. पण नुसतं 'नाही' म्हणायला भीती आड येत नव्हती. मला त्या घरापासून दोन पावलं लांब उभं राहायचं होतं. तो 'तरी' ती दोन पावलं होती. जमावात कोणीतरी तो लगेच उचलला. "माझ्यासमोर तरी नाय म्हनती," असं मागच्या माणसाला सांगितलं गेलं, आणि मागच्यानं त्याच्या मागच्याला. फिटर खाली बघत होता.

स्पर्धेत आमच्या कारखान्याचं नाव आलं नाही. फिटर रोज कामावर यायचा. माझ्या टेबलावरून त्याला जावं लागायचं नाही, तरी हजेरीच्या कामानिमित्त मी टूलरूमकडे गेले की तो मशीनच्या पलीकडे जायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तीळगूळ घेऊन मळ्यात गेले. मनात होतं की मावशींच्या पाया पडावं. त्या ओट्यावर नव्हत्या. वाफ्यात बसून गवत काढत होत्या. ओट्यावर फुलं नव्हती. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"मावशी, तीळगूळ आणलाय."

"ठिव तिथं."

मी ओट्यावर पुडी ठेवली आणि परत वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिले. बराच वेळ त्या गवतच काढत राहिल्या. मग आपणहून बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"तुम्ही गाडी घिऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हार घिऊन गेले. मला काय ठावं? कुनी सांगितलंच नाय. पायरीशी हुबी राहिले. पुजारी आला तो दुसऱ्याच घरचा हार घिऊन. माझ्या अंगावरून गेला. मला वाटलं आज दोन हार असतील. हुबीच राहिले. पायरीवर ऊन आलं. मंग येक बाई म्हनली, जा आता, तुझा उष्टा हार नको देवीला." त्यांनी खुरपं मातीत खोचलं. "उष्टा म्हनली."

"मावशी, मी—"

"तितंच ठिवला मी हार. शेळीनं खाल्ला."

देवीच्या यात्रेत त्यांच्या घरचा नैवेद्य घेतला गेला नाही. विहिरीवर बायका बोलत, पण त्या आल्या की विषय बदले. पोरगा घरात बोलत नव्हता. "भिताडाकडं तोंड करून जेवतो. जसं काय मीच त्याचं नाटक बंद पाडलं."

मी रडायला लागले. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी त्यांच्यासमोर उगाच उभी आहे, असा काहीसा भाव होता.

"मी कधी घातला नाय," त्या म्हणाल्या. "माज्या मनात बी आलं नाय कधी. त्याच्या मनात आलं, घातलास तू, आन् काढून घेतला माझ्याकडून."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुला कसा दिसत व्हता?"

मला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "चांगला दिसत होता, मावशी."

"हं." त्या पुन्हा खाली वाकल्या. "आता येत जाऊ नको. लोक म्हनतील नाटक अजून चालूच हाय." आणि जाताना मागून म्हणाल्या, "ती पुडी घिऊन जा."

त्या वर्षी दसऱ्याला कारखान्यात नेहमीसारखी मशीनची पूजा झाली. प्रत्येक लेथला झेंडूचा हार, कुंकू, नारळ. आम्हा ऑफिसच्या लोकांनाही खाली बोलावायचे. पूजा झाली, पेढे वाटले, आणि टूलरूममधल्या चार-पाच जणांनी उरलेला एक हार घेऊन मागून येऊन फिटरच्या गळ्यात टाकला. एकानं उदबत्तीचं ताट ओवाळलं. दुसरा त्याच्या पायाशी लोळण घेऊन ओरडला, "माता, पगारवाढ दे!" सगळं खातं हसत होतं. दिग्दर्शक हसत होते. साहेब हसले आणि मग गंभीर झाले, कारण साहेबांनी फार हसू नये.

तो उभा होता. हातानं हार काढायला गेला तर दोघांनी हात धरले. "अहं, देवी हार काढत नसते." तेव्हा तोही हसला. मोठ्यानं हसला, तोंड पूर्ण उघडून, आणि त्या हसण्यामुळे मजा गेली, मग त्यांनी सोडलं. हसणाऱ्यांत मीही होते. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि मी हसले. दुसरं काय करावं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही, असं मी म्हणू शकते. पण सुचलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात दिग्दर्शकांनी एक फार्स बसवला. भाडेकरू आणि घरमालकाचा, दारांची उघडझाप आणि बायकांच्या साड्या नेसलेले पुरुष. त्यात देव नव्हता, देऊळ नव्हतं, गावही नव्हतं. साहेबांनी संहिता वाचून पहिल्या पानावर सही केली. आमच्या कारखान्याला दुसरा नंबर मिळाला आणि मला अभिनयाचं प्रमाणपत्र. परीक्षकांनी माझ्या विनोदी टायमिंगचं कौतुक केलं. दिग्दर्शकांचा मुलगा तोवर कामाला लागला होता, त्यानं शिट्टी मारली. माझं लग्न त्याच वर्षी ठरलं. मुलाकडच्यांना ते प्रमाणपत्र आवर्जून दाखवलं.

लग्नानंतर नोकरी सुटली. फिटरनंही त्याच सुमारास कारखाना सोडल्याचं ऐकलं. मावशींचं कोणी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी. सिन्नरहून नाशिकला यायला एसटी मिळेना, म्हणून मी जीपमध्ये बसले. मागच्या बाकावर तो होता, मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी. केस पांढरे झाले होते. आता सिन्नरच्या वसाहतीतच कुठेतरी कामाला होता. मी शेजारी बसले; जीपमध्ये दुसरी जागा नव्हती. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"ओळखलंत का भाऊ?"

"हो."

"मावशी कशा आहेत?"

"आहे."

"मळा?"

"मका लावतो. फुलं बंद केली."

मी म्हणाले, "माझं फार चुकलं तेव्हा." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते तोंडातून फार गुळगुळीत आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुठं उतरायचं?" त्यानं विचारलं. मी नाशिक रोड म्हणाले. "मग वेळ आहे," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मुलगीच माझ्याशी बोलायला लागली. धीट होती. शाळेचं नाव सांगितलं, बाईंचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "मी गॅदरिंगमध्ये देवी होणार होते. मधली. बाकीच्या सगळ्या साइडला."

"मग?"

"पप्पांनी शाळेत जाऊन नाव काढलं माझं. बाईंना म्हणाले, हा डान्सच नका घेऊ. मग बाईंनी डान्सच कॅन्सल केला. आता सगळ्या मुली माझ्याशी कट्टी आहेत."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं ऐकलं होतं, पण मान वळवली नाही.

"मला येतो पण," मुलगी म्हणाली. "सगळा येतो. बघा." आणि त्या गर्दीत, त्याच्या मांडीवर बसल्या बसल्या, तिनं दोन्ही हात वर केले, बोटं उमलल्यासारखी उघडली, एक पंजा आशीर्वादाला पुढे धरला. समोरच्या बाकावरची एक म्हातारी कौतुकानं हसली. त्यानं मुलीचे दोन्ही हात पकडून खाली आणले आणि तिच्या मांडीवर दाबून धरले. ती थोडी हसत, थोडं सोडवून घ्यायला धडपडली. त्यानं सोडलं नाही. धडपड थांबली तरी सोडलं नाही. त्याच्या मुठीतून बाहेर आलेली तिची बोटं हळूहळू लाल होत गेली, आणि ती शिंदे-पळशाच्या फाट्यापर्यंत तशीच समोर बघत बसली.